फ्रान्समधील स्की रिसॉर्टमध्ये किराणा, औषधे आणि स्कीचे साहित्य जागेवर मिळते का?

आपण फेब्रुवारीत आई आणि दोन मुलांसह वाल थोरान्स येथे अपार्टमेंट घेऊन आठवडाभर राहणार आहात, सर्वजण शाकाहारी आहात, आणि पुण्याहून नेमके काय न्यावे असे विचारले आहे. मी ग्रनोबलला राहतो आणि बहुतेक हिवाळ्यांत त्या भागात जातो. माझ्या अनुभवाप्रमाणे वर जवळजवळ सगळे मिळते, मात्र ते कोणत्या वेळी आणि कोणत्या भावाने मिळते, हे आधी समजून घेतलेले बरे.

वाल थोरान्स 2,300 मीटर उंचीवर आहे आणि तिथली भाजी, दूध, पाण्याच्या बाटल्यासुद्धा खालच्या खोऱ्यातून ट्रकने घाट चढून येतात, त्यामुळे शेर्पा किंवा स्पारसारख्या दुकानांतील भाव खालच्या सुपरमार्केटपेक्षा बरेच चढे असतात. आपण मोटारीने जाणार असाल, तर खालच्या खोऱ्यातील मुतिए किंवा अल्बेरव्हिल या गावांतच आठवड्याचा किराणा भरून घ्यावा. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात अशा डोंगरी भागांत गाडीला हिवाळी टायर किंवा सोबत चाकांना लावायच्या साखळ्या असणे कायद्याने बंधनकारक आहे, हे गाडी भाड्याने घेतानाच विचारून घ्यावे. रेल्वेने मुतिएला उतरून बसने वर जाणार असाल, तर एवढे ओझे वाहणे शक्य नाही. तेव्हा दूध, ब्रेड, अंडी चालत असल्यास अंडी आणि भाज्या वर घ्याव्यात. शनिवार हा अपार्टमेंट बदलण्याचा दिवस असल्याने त्या संध्याकाळी दुकानात तोबा गर्दी असते आणि पावाची फडताळे रिकामी झालेली मी अनेकदा पाहिली आहेत. काही दुकाने दुपारी दोन-अडीच तास बंद राहतात, कारण गिऱ्हाईक त्या वेळी डोंगरावर असते.

औषधांच्या बाबतीत मात्र विशेष काळजी घ्यावी. भारतात जशी क्रोसिन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळून जाते, तसे फ्रान्समध्ये नाही. साधे पॅरासिटामॉलसुद्धा केवळ हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या फार्मसीतच विकता येते. पहिल्याच वर्षी रात्री नऊ वाजता मुलाला ताप चढला आणि मी सुपरमार्केटच्या मांडण्या धुंडाळत बसलो, तेव्हा हे कळले. रिसॉर्टमध्ये फार्मसी आणि डॉक्टरांचा दवाखाना असतो, परंतु आईंची रोजची औषधे, मुलांचे तापाचे सिरप आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुण्याहूनच न्यावी.

स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट यांतले काहीही विकत घेऊ नये. स्कीसेट, इंटरस्पोर्ट, स्पोर्ट 2000 यांसारखी भाड्याची दुकाने जागोजागी आहेत आणि आधी ऑनलाइन आरक्षण केल्यास भाडे पुष्कळ कमी पडते. दुकानात उंची, वजन आणि स्की येते की नाही हे खरे सांगावे, कारण पडल्यावर बूट स्कीतून सुटावा यासाठी बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा ताण त्यावरूनच ठरवतात. इथे संकोचाने वजन कमी सांगणे पायावर बेतू शकते. बूट टोचत असेल, तर दुसऱ्या दिवशी निःसंकोचपणे बदलून घ्यावा, त्यात कोणी नाराज होत नाही. जॅकेट, जलरोधक विजार आणि हातमोजे मात्र सर्वच दुकाने भाड्याने देत नाहीत, म्हणून ते पुण्यातल्या डेकॅथलॉनमधून घेऊन जावेत.

स्कीच्या उतारांवर नेणाऱ्या लिफ्टचा पास घेताना खिडकीवर दिवसाला काही युरो जास्त देऊन कारे नेज नावाचा विमा मिळतो. तो घ्यावाच, असे माझे ठाम मत आहे. फ्रान्समध्ये स्कीच्या उतारावर पाय मुरगळला, तर खाली घसरगाडीवरून आणण्याचा खर्च जखमी व्यक्तीकडून वसूल होतो, आणि आपल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ वगळलेले असण्याचा संभव मोठा आहे. मुलांसाठी लाल जाकिटातल्या शिक्षकांची ईएसएफ ही स्की शिकवणारी शाळा सर्वत्र असते. फेब्रुवारी हा फ्रेंच शाळांच्या सुट्ट्यांचा हंगाम असल्यामुळे जागा आधीच घ्यावी.

शाकाहाराची अडचण उपाहारगृहात जाणवते, स्वयंपाकघरात नाही. मसूर, छोले, बासमती तांदूळ इथे मिळतात. हळद, गोडा मसाला, पोहे आणि एक छोटा कुकर आणावा. चीजच्या दुकानात राक्लेत नावाचे चीज विकत घेतल्यास ते वितळवण्याचे विजेचे यंत्र एका रात्रीपुरते बहुधा फुकट किंवा अनामत ठेवून देतात, आणि उकडलेल्या बटाट्यांवर ते चीज मुलांना निश्चित आवडेल. मात्र आई कटाक्षाने पाळत असतील, तर त्या भागातल्या प्रसिद्ध बोफोर चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात, हे त्यांना आधी सांगावे.

आरक्षणाच्या कागदावर चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचा समावेश आहे का, तेही पाहून घ्यावे. अनेकदा तो नसतो, आणि शनिवारी सकाळी दहाच्या आत खोली आपणच झाडून-पुसून द्यावी लागते.