आजार आयुष्यभराचा आहे म्हटल्यावर मन कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी आरए, म्हणजे आमवात निघाला. गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट सुधारलेत असं डॉक्टर सांगतात. तरीही सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, मधूनच रडू येतं, आणि घरचे म्हणतात, 'विचार करणं सोड, सगळं ठीक होईल.' मनाच्या डॉक्टरकडे गेलं तर आणखी एक जन्माची गोळी मागे लागेल का, अशी भीतीही तुम्ही लिहिली आहे.

माझा आमवात तुमच्याहून बराच जुना आहे. मी एका पतसंस्थेत कॅश सांभाळते. नोटा मोजणं, पासबुकं भरणं, शिक्के मारणं, म्हणजे सगळं काम बोटांचंच. डॉक्टर म्हणून नाही, पण ह्यातून गेलेली बाई म्हणून सांगते: मनाच्या डॉक्टरकडे जा, आणि 'आधी सांधे पूर्ण आटोक्यात येऊ देत, मग बघू' असं म्हणून थांबू नका.

माझ्या वेळी माणसं वाईट नव्हती. नवरा, सासूबाई, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांना माझी कळकळ होती. सगळे एकच म्हणायचे, 'एवढं दुखतंय म्हटल्यावर मन उदास होणारच, साहजिक आहे.' तपासायला गेले की तिथेही तेच ऐकायला मिळायचं. प्रत्येकाला माझ्या रडण्याचं कारण कळलेलं होतं, त्यामुळे त्यावर इलाज करायचा असतो हे कुणाच्याच मनात आलं नाही. गाडीवरून पडल्यावर हाड मोडणंही साहजिकच असतं, म्हणून कुणी प्लास्टर घालायचं थांबत नाही.

आता तुमच्या नेमक्या अडचणीकडे येते. आमवातात आणि नैराश्यात बरीच लक्षणं सारखी असतात. थकवा दोन्हीत, झोप मोडणं दोन्हीत, भूक मरणं दोन्हीत. त्यामुळे हे दुखण्याचं आहे की मनाचं, हे आपल्यालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. 2013 साली आमवाताच्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नीट मुलाखत घेऊन निदान केलं, तेव्हा साधारण 17 टक्के रुग्णांत नैराश्याचा आजार आढळला. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरली, तेव्हा तोच आकडा 39 टक्क्यांच्या आसपास गेला. ह्या तफावतीची कारणं आणखीही असतील, पण मला त्यातलं एक उघड दिसतं. त्या नऊ प्रश्नांत झोप, थकवा, भूक, हालचाल मंदावणं हेही विचारतात, आणि सांधे सुजलेल्या माणसाला तिथे गुण पडणारच. पण ह्या दोन्हींतला कमी आकडा धरला तरी सहा जणांत एक झाला. तुमच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या रांगेकडे एकदा त्या नजरेनं बघा.

म्हणून मी स्वतःकडे बघताना शरीराची लक्षणं बाजूला ठेवते आणि उरलेल्यांवर लक्ष ठेवते. आवडीच्या गोष्टीतला रस गेलाय का? आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं का? पुढे काही चांगलं होईल असं वाटणंच बंद झालंय का? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हा, की ज्या दिवशी सांधे कमी दुखतात त्या दिवशी मन कसं असतं? माझ्या बाबतीत उत्तर तिथे मिळालं. दिवाळीच्या सुमारास माझा ईएसआर, म्हणजे रक्ततपासणीतला दाहाचा आकडा, खाली आला होता, मूठ वळत होती, चकल्याही करता आल्या असत्या. पण फराळाला हात लावायची इच्छा नव्हती, भाची आली तर तिच्याशी बोलावंसं वाटेना. दुखणं उतरलं होतं, पण मन तिथेच बसून होतं. तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट सुधारलेत तरी उठावंसं वाटत नाही. त्या एका वाक्यासाठीच मी हे एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

हे मनाच्या कमकुवतपणामुळे होतं असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, आणि त्या वेळी रक्तात जी दाह वाढवणारी द्रव्यं तयार होतात त्यांचा परिणाम मेंदूवर, झोपेवर, उत्साहावरही होतो. शिवाय स्टेरॉइड चालू असेल तर त्यानंसुद्धा झोप उडते, चिडचिड होते, मन वरखाली होतं. ते अचानक स्वतःच्या मनानं बंद करायचं नसतं, पण डॉक्टरांना सांगायचं मात्र असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्या. तिथे काही बिघडलं असेल तर तेवढ्यानंही माणूस गळून जातो आणि त्यावर सरळ उपाय आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की मन खचलं की औषधाची वेळ चुकायला लागते. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं नेहमीचं औषध तुम्हाला बहुधा चालू असेल. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची गोळी. उदासीत वारांचा हिशेब राहत नाही, आणि ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून कालनिर्णयवर खूण करण्याचं काम मी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे दिलंय. मन सावरलं की गोळ्या वेळेवर जातात, थोडं चालणं होतं, आणि त्याचा फायदा सांध्यांनाच मिळतो. म्हणूनच मनाचा इलाज नंतरचा म्हणून ठेवू नये असं मी म्हणते.

डॉक्टरांपुढे बसल्यावर 'बरं वाटत नाही' एवढंच म्हणू नका. त्याचं उत्तर 'विश्रांती घ्या' हेच येतं. मी कागदावर लिहून नेलं होतं: किती वाजता जाग येते, रडू कधी येतं, कोणती कामं सोडून दिली, कुणाशी बोलणं बंद केलं, आणि मरणाचा विचार येतो की नाही. शेवटचं तोंडानं सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून कागद पुढे सरकवला. त्यानंतर दहा मिनिटांत मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी हातात होती. आमच्याकडे अजूनही चिडवताना 'ह्याला येरवड्याला पाठवा' म्हणतात, त्यामुळे त्या दाराशी जायला पाय जड होतो, हे मला माहीत आहे. आत बसलेले लोक मात्र आपल्यासारखेच असतात. खासगी फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते.

तिथे गेल्यावर सांध्यांच्या सगळ्या गोळ्या दाखवा, खास करून वेदनाशामक. नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत, आणि ते काम आपलंच.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. सकाळ ही आपली वैरीण. मूठ वळायला तास-दीड तास लागतो आणि त्याच तासात डबे, पोळ्या, पाणी भरणं असतं. पोळ्या लाटणं मी सोडलं. गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. सुरुवातीला सासूबाईंना ते लागलं, पण त्या पोळ्यांपायी मी रोज सकाळी रडत होते हे त्यांनीच पाहिलं होतं. बरं वाटलेल्या दिवशी माळा आवरायचा, दोन आठवड्यांचं धुणं काढायचं आणि मग चार दिवस पडून राहायचं, हे चक्र आपल्यापैकी पुष्कळ जणी चालवतात. चांगल्या दिवशीच हात आखडता घ्यायचा असतो. दमायच्या आधी थांबायला मला समुपदेशकाकडे शिकावं लागलं, गोळीनं ते येत नाही. ऑफिसात मी साहेबांना सरळ सांगून पहिला तास काउंटरऐवजी वह्यांचं काम मागून घेतलं. विचारल्याशिवाय कुणी देत नाही, आणि विचारल्यावर नकार येतोच असंही नाही.

सल्ले देणाऱ्यांचं काय करायचं? वांगं सोडा, आंबट सोडा, अमुक गावच्या वैद्यांची पुडी घ्या. सगळ्यांशी वाद घालायची ताकद आपल्याकडे नसते. 'बघते' म्हणायचं आणि विषय बदलायचा. पण कुणी 'त्या इंग्रजी गोळ्या बंद कर' म्हणालं तर तिथे ठाम राहा. औषध मध्येच सोडलं आणि सांधे वाकडे झाले तर ते पुन्हा सरळ होत नाहीत.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण तरुण वयात आमवात झालेल्या पुष्कळ जणींच्या मनात मुलाचा विषय असतो आणि त्या तो कुणाजवळ काढत नाहीत. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत, हे खरं. पण आमवात आहे म्हणून आई होता येत नाही, हे खरं नाही. आधी डॉक्टरांशी बोलून ती गोळी ठरावीक काळ बंद करतात आणि गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं देतात. हे दुःख मनात असेल तर आधी ते विचारून घ्या.

घरच्यांना समजावण्यात फार शक्ती घालवू नका. एका माणसाला, ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे त्याला, पुढच्या तपासणीला बरोबर न्या. 'विचार करू नकोस' म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्यानं डॉक्टरांच्या तोंडून 'हा वेगळा आजार आहे' हे ऐकलं, आणि त्या दिवसापासून तो सल्ला बंद झाला.

मरणाचे विचार येत असतील, 'मी नसते तर बरं झालं असतं' इतपतही, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तेवढाही धीर नसेल तर घरात जो जागा असेल त्याला हाक मारा आणि एकटं राहू नका.

आता जन्माच्या गोळीची भीती. आमवाताचं औषध बहुतेकांना वर्षानुवर्षं लागतं, नैराश्याच्या औषधाचं तसं असेलच असं नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, आणि ह्याच टप्प्यावर पुष्कळ जण सोडून देतात. पहिल्यांदाच असेल तर बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. एकदम बंद करायची नाही. माझी अशीच उतरवत बंद झाली. पुढे एका पावसाळ्यात सांधे पेटले तेव्हा मन परत ढासळलं आणि गोळी परत सुरू झाली. या वेळी मात्र आधीचा कागद तयार होता, काय सांगायचं ते माहीत होतं, आणि महिनोन्महिने वाट बघण्याऐवजी मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले.