२० पौंडांच्या प्रोपेन टाकीत घरच्या बिअरचे किती घाणे निघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत घरामागच्या अंगणात ५ गॅलनचा (साधारण १९ लिटरचा) ऑल-ग्रेन, म्हणजे तयार अर्काऐवजी थेट धान्यापासूनचा, घाणा काढता, बर्नर तासाला ५५,००० बीटीयूचा आहे (बीटीयू हे उष्णतेचं माप). कागदावर हिशोब केला तर २० पौंडांची (९ किलो गॅसची) टाकी तीनच घाण्यांना पुरते, मित्र म्हणतो आठ निघतात, आणि प्रत्यक्षात पाचव्या घाण्याला उकळी चालू असतानाच गॅस संपला. मग खरं काय धरायचं?

मी शिकागोजवळ राहतो आणि नऊ वर्षं अंगणातच बिअर करतो. माझ्याकडे पूर्ण भरलेली टाकी उन्हाळ्यात सात घाणे देते, थंडीवाऱ्यात पाच. तुमची टाकी दुकानातून बदलून आणलेली असेल तर आधी तिच्यावरचं लेबल वाचा. बदली टाकीत बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस भरलेला असतो, म्हणजे ६.८ किलो. तसं असेल तर पाचव्या घाण्याला गॅस संपणं अगदी हिशोबाला धरून झालं.

कागदावरचा आकडा चुकला तो बर्नरमुळे. ५५,००० बीटीयू म्हणजे नॉब पूर्ण उघडला तर तासाला साधारण १.१५ किलो गॅस. तुम्ही त्याला अडीच तासांनी गुणलंत. पण मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य) तासभर मुरत असतो तेव्हा शेगडी बंदच असते आणि एकदा उकळी आली की आच निम्म्यावर येते. बर्नरवरचा आकडा शेगडीची ताकद सांगतो, तुमचा खर्च सांगत नाही. म्हणून हिशोब पाण्याच्या बाजूने करा. मी तो किलो-लिटरमध्येच करतो, कारण १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात हे शाळेपासून डोक्यात आहे.

माझ्या घाण्याला एकूण ३० लिटर पाणी लागतं: १८ लिटर मॅशचं आधण आणि १२ लिटर नंतर धान्य धुवायला. नळाचं १५ अंशांचं पाणी ७० पर्यंत न्यायला झाले ७ मेगाज्यूल. पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) जवळजवळ पाच लिटर पाणी पिऊन बसतो, पातेल्यात २५ लिटर वर्ट, म्हणजे धान्यातून उतरलेलं गोड पाणी, येतो. तो ६५ वरून १०० वर न्यायला पावणेचारच्या आसपास. आता मोठा खर्च. तासाभराच्या उकळीत माझं ४ लिटर पाणी उडून जातं आणि प्रत्येक लिटरची वाफ व्हायला सव्वादोन मेगाज्यूल लागतात, म्हणजे ९. बेरीज झाली वीसच्या जवळ, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग नुसत्या वाफेचा!

एक किलो प्रोपेन जळला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे पाण्याला खरा लागला तो अर्ध्या किलोहूनही कमी. पण उघड्यावर आचेचा मोठा भाग पातेल्याच्या कडेने वर निघून जातो. माझ्या मोजमापात एक तृतीयांशच पाण्यापर्यंत पोचतो. म्हणून तिप्पट धरायचा: १.३ किलो, पौंडात पावणेतीनच्या थोडं वर. वारा असेल तर माझा खर्च १.८ पर्यंत गेलेला आहे.

हा एक तृतीयांश माझ्या पातेल्याचा, माझ्या अंगणाचा आहे. तुमचा तुम्हालाच काढावा लागेल आणि तो काढायला वजनकाट्याशिवाय दुसरं काही लागत नाही. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा आपल्या प्रत्येकाच्या घरात असतोच. तो टाकीच्या वरच्या कड्यात अडकवा आणि सरळ उचला. कड्यावरच ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. ते वजा केलं की उरला तो गॅस. भरलेली टाकी १७ किलोच्या आतबाहेर भरते, काट्याला सहज झेपते. शेगडी पेटवण्याआधी एकदा आणि सगळं आवरल्यावर एकदा तोला आणि दोन्ही आकडे त्या दिवसाच्या हवेसकट लिहून ठेवा. माझी आई कालनिर्णयच्या चौकटीत सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची आणि पुढचा कधी नोंदवायचा ते त्यावरून ठरवायची. मी बिअरच्या वहीत तेच करतो, तारखेऐवजी वजन. तीन घाण्यांत तुमचा आकडा हाती येतो.

आईचाच दुसरा उपाय इथेही चालतो. शेगडी अर्धा तास पेटल्यावर टाकीवरून ओलं फडकं फिरवा. वरचा भाग लगेच सुकतो, खाली जिथवर द्रव गॅस आहे तिथवर ओल रेंगाळते. दमट दिवशी तर फडकंही लागत नाही, टाकीवर दवाची रेघ आपोआप उमटते.

शेवटचा किलो मी हिशोबात धरत नाही. द्रवाची वाफ होताना टाकी गार पडते आणि द्रव थोडाच उरला की फार लवकर गार पडते. मग दाब उतरतो आणि नेमकी उकळीच्या वेळी ज्योत मलूल होते. थंडीत हे आणखी आधी होतं. अशा वेळी टाकी नळाच्या साध्या पाण्याच्या टबात ठेवावी. तिला आच किंवा उकळतं पाणी कधीही लावू नका. टाकीत भरपूर गॅस असूनही ज्योत बारीक असेल तर बहुधा टाकीची झडप झटक्यात उघडलेली असते. गळती झाली असं समजून जोडणीतली सुरक्षा-झडप गॅस अडवते. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा आणि झडप हळूहळू उघडा.

खर्च कमी करायचा तर आधी वारा अडवा. मी शेगडीच्या तीन बाजूंनी पत्रा उभा करतो, टाकी मात्र पत्र्याच्या बाहेर, नळी ताणेल तितकी लांब. पाणी तापताना झाकण ठेवा. वर्टला उकळी आली की ते काढायचंच, कारण पिल्सनर माल्टमधून निघणारा उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायला हवा. पण त्यासाठी वर्ट खदखदायला लागत नाही, पृष्ठभाग सतत हलता राहिला की पुरे. नॉब एवढा खाली आणल्यावर माझ्या वहीत घाण्यामागे पाव किलोचा फरक दिसतो. पावसाला कंटाळून शेगडी गॅरेजमध्ये मात्र नेऊ नका. दार उघडं ठेवलं तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि गळालेला प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत बसून राहतो.

महाराष्ट्रातून कुणी हे वाचत असेल तर लक्षात असू द्या: अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर करायची मुभा आहे, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करता येत नाही.

आणि तुमचा तो पाचवा घाणा ओतून दिला नसेल अशी आशा आहे. मधेच गॅस संपला तर झाकण ठेवून टाकी बदलायची, पुन्हा उकळी आली की राहिलेली मिनिटं तिथून पुढे मोजायची. आधी टाकलेले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) त्या गरम वर्टमध्ये थोडा जास्त कडूपणा सोडतील, एवढंच. माझा एकदा शेवटच्या वीस मिनिटांना असा थांबला होता, ती पेल एल (फिकट रंगाची बिअर) आम्ही दिवाळीला पाहुण्यांना दिली. तेव्हापासून वजा करून दोन किलोच्या खाली गॅस दिसला, तर दुसरी भरलेली टाकी अंगणात आणून ठेवल्याशिवाय मी आधण चढवत नाही.