हाताने सरळ, ऑटोत गोल

प्रश्न : आरसी (रिमोटच्या) गाडीवर पिक्सहॉक (गाडी आपोआप चालवणारा बोर्ड) आणि होकायंत्रासह एम८एन जीपीएस बसवलाय, बोर्डात आर्डुपायलट रोव्हर हे सॉफ्टवेअर टाकलंय. मॅन्युअलमध्ये (रिमोटने) गाडी झकास चालते, ऑटोला (आखलेल्या मार्गाने आपोआप) टाकली की गोल गोल फिरते. ट्यूनिंग (नियंत्रणाचे आकडे जुळवणं) कुठून सुरू करू? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : ट्यूनिंगला इतक्यात हात लावू नका. मिशन प्लॅनरमध्ये (संगणकावरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) रेडिओ कॅलिब्रेशन उघडा आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवा. त्या चॅनलचा आकडा १५०० च्या, म्हणजे मधल्या स्थितीच्या, वर जायला हवा. खाली गेला, तर रिमोटही उलटा आणि सर्व्होही (चाकं वळवणारी मोटर) उलटा. मॅन्युअलमध्ये या दोन चुकांची फिटंफाट होते. ऑटोत मात्र रिमोट बाजूला पडतो आणि गाडी नेमकी उलट वळते. रिमोटवर तो चॅनल उलटवा आणि ‘सर्व्हो१_रिव्हर्स्ड’ (SERVO1_REVERSED) या सेटिंगची किंमत १ करा.

मग होकायंत्र. मॉड्यूलवरचा बाण गाडीच्या तोंडाकडे हवा. कॅलिब्रेशन गच्चीवर करू नका, स्लॅबमधल्या सळया सगळा घोळ घालतात. मैदानात जा, मोबाइल लांब ठेवा. नंतर मॅन्युअलमध्ये २०-३० मीटर सरळ चालवून नकाशा बघा : लाल रेघ म्हणजे गाडीचं तोंड, काळी म्हणजे जीपीएसला दिसलेली वाटचाल. चालत्या गाडीत दोन्ही एकमेकींवर पडायला हव्यात. (उभ्या गाडीत काळी रेघ कुठेही भरकटते, तिच्या नादी लागू नका.)

आता चाकं अधांतरी ठेवून थ्रॉटल द्या. गाडी जागच्या जागी असून लाल रेघ सरकली, तर बॅटरी-मोटरच्या तारांमधला करंट होकायंत्राला छळतोय. मॉड्यूल १०-१५ सेंमी उंच प्लास्टिकच्या दांडीवर चढवा, लोखंडी स्क्रू टाळा, बॅटरीच्या दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ द्या. बोर्डातलं होकायंत्र या तारांच्या गर्दीतच असतं, ते बंद केलेलं बरं.

एवढं जमलं की ट्यूनिंग : आधी वेग, मग वळण्याचा दर, मार्ग शेवटी. आणि एम८एनची चूक उघड्यावरही दोन-अडीच मीटरची असते. गाडी रेघेपासून तेवढी सरकली, तर ट्यूनिंगने ती चूक जाणार नाही. त्याला आरटीके (दुसऱ्या, स्थिर जीपीएसच्या मदतीने चूक सुधारणारी पद्धत) लागेल.

प्रश्न : पिक्सहॉकला यूएसबी जोडल्यावर सेन्सरचे आकडे दिसतात, सर्व्हो मात्र मेलेला. बोर्ड गेला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. पिक्सहॉक सर्व्होच्या पिनांना फक्त सिग्नल देतो, वीज देत नाही. ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) बीईसीमधून, म्हणजे त्यातल्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून, पिनांच्या त्या रांगेत वीज येऊ द्या. तरीही ढिम्म असेल, तर सेफ्टी स्विच (पिक्सहॉकला जोडलेलं सुरक्षेचं बटण) दाबलाय का ते बघा.