“गोळ्या घेतेय, तरी रक्त वाढत नाही”

“मॅडम, दोन महिने झाले लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी हिला रक्त भरत नाही. रोज बीट देते, डाळिंब देते.” आई फाइल पुढे सरकवते. मुलगी 19 वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. हिमोग्लोबिन आधी 8.9, आता 9.1, ते किमान 12 हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, फक्त 6. तो 15च्या खाली गेला की शिल्लक संपली असं धरतात.

अशा वेळी आधी गोळ्यांची पाकिटं बघायला मागवावीत. दहा-दहाची सहा पाकिटं संपायला हवी होती. तिसरं अजून अर्धं होतं. मुलगी हळूच म्हणाली, “शी काळी व्हायला लागली, म्हणून मधेच सोडल्या.” न शोषलेल्या लोहामुळे शी काळपट-हिरवी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. इतकंच पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर तिचे दोन महिने वाया गेले नसते.

ज्या गोळ्या पोटात गेल्या, त्या सकाळी चहाबरोबर, आणि सोबत कॅल्शियमची गोळी. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियमही त्याचं शोषण कमी करतं. त्यामुळे वेळ बदलली: रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. पोटात जळजळ होत होती म्हणून डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली. एका गोळीनंतर शरीर साधारण दिवसभर हेपसिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक वाढवून पुढच्या लोहाला दार लावतं, त्यामुळे दिवसाआडच्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. पाकिटावर फेरस सल्फेट 200 मिलिग्रॅम लिहिलेलं असलं, तरी त्यात प्रत्यक्ष लोह साधारण 60 ते 65 मिलिग्रॅम असतं.

बीट-डाळिंबाचा लाल रंग रक्तासारखा दिसतो, एवढंच. 100 ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. तिची रोजची गरज 29 मिलिग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ वर लिंबू पिळून, आणि आमटी लोखंडी कढईत. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. एवढी कमतरता झाली की नुसत्या जेवणाने ती भरून निघत नाही, गोळी लागतेच.

मग पाळीचं विचारलं. आठ दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड, रात्री दोन पॅड लावून झोपायचं. “आमच्या घरात सगळ्यांचंच असं जातं,” आई म्हणाली. घरात सगळ्यांचं असलं म्हणून ते प्रमाणात आहे असं होत नाही, आणि इतकं अंगावरून जात असेल तर भरलेलं लोह दर महिन्याला वाहून जातं. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या सांगितल्या, रक्तस्राव कमी करणारी औषधं सुरू झाली.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन 10.4. तिसऱ्या महिन्यात 12.1, आणि आईचा प्रश्न: “आता बंद करू ना?” नाही. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा मागाहून. गोळ्या आणखी तीन महिने, आणि त्यानंतर फेरिटिन पुन्हा. तेही ताप-सर्दी नसताना, कारण तापात तो आकडा खोटाच वर दिसतो.