वाचक विचारतात: स्वस्तातली डिजिटल डायरी, ठेवावी की टाकावी?

गेल्या अंकात शेवटी दोन ओळीत विचारलं होतं की पाम कंपनीचं झायर, म्हणजे नाव-नंबर-तारखा लिहून ठेवायचं खिशातलं यंत्र, किंवा तसली स्वस्तातली डायरी कुणी वापरलीय का, तर पत्रांचा ढीग आला. कुणाकडं कॅसिओची डायरी होती, कुणाकडं पामची. निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न (उदगीर): माझं कृषी सेवा केंद्र आहे. मेहुण्यानं त्याचं जुनं पाम झायर देऊन टाकलं, पांढरं, मुठीत मावेल एवढं, पडद्याला रंग नाही. चार्ज केलं तर चालू होतंय. पोरगं म्हणतंय पप्पा भंगारात टाका, मोबाईल आहे की. पण मोबाईल हातात घेतला की गिऱ्हाईकाचं नाव लिहायचं राहतं आणि मी व्हॉट्सअपच बघत बसतो. उधारीची यादी यात ठेवू का?

उत्तर: भंगारात नका टाकू. हे यंत्र 2002 च्या ऑक्टोबरात आलं, किंमत 99 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं पाच हजाराच्या आतबाहेर, आणि पामनं ते मुद्दाम ज्यांनी आधी कधी असलं काही वापरलं नाही त्यांच्यासाठी काढलं होतं. मेमरी 2 एमबी. आज एक फोटोसुद्धा मावत नाही एवढ्यात, पण नाव, नंबर, गाव आणि दोन ओळी उधारी एवढंच लिहायचं असेल तर तुमच्या दुकानाची सगळी गिऱ्हाईकं आरामात बसतील. बटण दाबलं की लगेच चालू, एक बटण तारखांचं, एक पत्त्यांचं, संपलं. ज्यांनी ज्यांनी चांगलं लिहिलंय त्या सगळ्यांनी हेच लिहिलंय की यात दुसरं काही करता येत नाही म्हणून काम होतं, आणि मला हे शंभर टक्के पटतं.

पडद्याचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. 2004 पासून चार वर्षं हे यंत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं, पीक पाहणीला गेवराई-माजलगावकडं फिरायचो तेव्हा. मे महिन्याचं ऊन, बांधावर उभं राहिलं तर डोळे उघडवत नाहीत, आणि त्या उन्हात झायरचा पडदा वहीच्या पानासारखा स्वच्छ दिसायचा, ऊन जेवढं कडक तेवढं अक्षर ठळक. कारण त्याला स्वतःचा उजेडच नाही, बाहेरचा उजेड पडला की दिसतं. पण संध्याकाळी मुक्कामाला आलो की लाईट गेलेली असायची, तेव्हा लोडशेडिंग तासनतास चालायचं, मग कंदिलाजवळ बसून यंत्र तिरपं धरायचं, जरा इकडं तिकडं झालं की नुसती चकाकी. म्हणजे दिवसाचं यंत्र आहे हे. तुमचं दुकान दिवसाचंच आहे, तुम्हाला चालेल.

लिहायला मात्र आठवडाभर जीव खाईल. पडद्याच्या खालच्या पट्टीत, सोबतच्या काडीनं (स्टायलस), डावीकडं अक्षरं आणि उजवीकडं आकडे काढायचे, आणि अक्षर त्याच्या पद्धतीनं. इंग्रजी ए काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसतं घराचं छप्पर. टी म्हणजे आडवी रेघ काढून तशीच खाली. डावीकडून उजवीकडं रेघ ओढली की जागा सुटते, उलटी ओढली की पुसतं. मला पहिल्या दिवशी एक नाव लिहायला पाच मिनिटं लागली होती आणि पंधरा दिवसांनी खाली न बघता लिहीत होतो, हात बसतो हो.

एकच अट. उधारी पैशाची गोष्ट आहे, वहीतली नोंद वहीतही राहू द्या. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (परभणी): माझ्याकडं झायर 21 आहे. शाळेच्या सुट्टीत कपाटात ठेवलं होतं, काढलं तर सगळं कोरं, सहाशेच्या वर नंबर गेले. दुकानदार म्हणतो व्हायरस आला. असं होतं का?

उत्तर: व्हायरस नाही ताई, बॅटरी पूर्ण उतरली. यातली मेमरी अशी आहे की करंट मिळतोय तोवरच लक्षात ठेवते. यंत्र बंद दिसतं तेव्हासुद्धा आत थोडं थोडं खात असतं, आणि बॅटरी आतच बसवलेली, काढून दुसरी घालायची सोय नाही. माझंही झालंय हे. दिवाळीला गावी गेलो, झायर ड्रॉवरमध्ये, तीन आठवडे चार्ज केलं नाही. आल्यावर चालू केलं तर नवं आणल्यासारखं सांगायला लागलं की पडद्यावरच्या खुणेवर काडी टेकवा. पोटात गोळा आला. दीडशे शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, पेरणीच्या तारखा. चूक माझीच, पण ती हळहळ अजून जात नाही, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आता तुमचं परत मिळेल का? आधी कधी कॉम्प्युटरला केबल लावून हॉटसिंक (यंत्रातली आणि कॉम्प्युटरवरची माहिती जुळवणं) केलं असेल तर त्या कॉम्प्युटरवर शेवटच्या वेळेपर्यंतचं सगळं आहे. तो जुना कॉम्प्युटर शोधा, फॉरमॅट करू देऊ नका कुणाला. त्यातलं पाम डेस्कटॉप हे पामचं सॉफ्टवेअर उघडा आणि हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरवरचा डेटा यंत्रावर घाला असं निवडा, यंत्रावरचा कॉम्प्युटरवर नाही, नाहीतर कोरं यंत्र भरलेली यादी पुसून टाकेल. घाईत नेमकं हेच उलटं होतं. आणि नव्या 64 बिट विंडोजवर पामचा यूएसबी ड्रायव्हर चालत नाही, त्यामुळं जुना एक्सपीवाल्यासारखा 32 बिटचा डबा लागेल. कधीच सिंक केलं नसेल तर गेलं ते गेलं, खोटी आशा लावत नाही.

कॅसिओवाल्यांसाठी जाता जाता: त्यात मेन सेल आणि बॅकअप सेल असे वेगळे असतात, दोन्ही एकदम काढू नका. आणि पामचंच एम 100 हे मॉडेल असेल तर बारीक पेन्सिल सेल घालायचे आहेत, जुने काढले की मिनिटाच्या आत नवे घाला.

प्रश्न (अंबाजोगाई): झायरमध्ये मराठी लिहिता येतं का?

उत्तर: टाईप होत नाही, इंग्रजी अक्षरात मराठी लिहावं लागतं. पण नोटपॅडमध्ये काडीनं थेट पडद्यावर लिहिता येतं, तिथं काहीही लिहा, ते चित्र म्हणून साठवतं. आमच्या आईचा दुधाचा रतीब मी तसाच ठेवायचो, तिच्याच अक्षरात, तिनं स्वतः लिहिलेला. फक्त शोधायला गेलं तर सापडत नाही.

प्रश्न (हिंगोली): जुन्या बाजारात झायर आणि पामचंच झेड 22 दोन्ही आहेत. कुठलं घेऊ?

उत्तर: झेड 22. ते 2005 चं, रंगीत, 32 एमबी, आणि मुख्य म्हणजे बॅटरी उतरली तरी लिहिलेलं जात नाही, या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे द्या. उन्हात झायरइतकं स्वच्छ दिसत नाही, एवढं सोसावं लागेल. चार्जरसकट घ्या, विकणाऱ्यासमोर तासभर चालवून बघा, कारण बॅटरीचं वय झालेलं असणारच. आणि दोन्हीचं कॅलेंडर 2031 सालापर्यंतच जातं, त्या पुढची तारीख घेत नाही, कर्जाचे लांबचे हप्ते त्यात टाकत बसू नका.

प्रश्न (बीड): काडी हरवली. पेनानं चालतं का?

उत्तर: पेन नको, ओरखडे पडतात आणि मग लिहायच्या पट्टीत अक्षर ओळखत नाही. हा पडदा दाबावर चालतो, नखानं हलकं दाबलं तरी पुरतं.