जनसुरक्षा विधेयकावरून घरात वाद होतोय. सरकारवर विश्वास ठेवायचा की नाही?

तुम्ही लिहिलंय की घरात रोज जेवताना हाच वाद. वडील म्हणतात, देशात राहून देश पोखरणारे लोक आहेत, त्यांना आवरायला, संघटनांवर बंदी घालू देणाऱ्या राज्याच्या जनसुरक्षा विधेयकासारखा कायदा हवाच, आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याने घाबरायचं कशाला? भाऊ म्हणतो, दहशतवादाचं निमित्त करून सरकारला विरोधकांची तोंडं बंद करायची आहेत. तुम्हाला दोघांचंही पटतं, म्हणून विचारताय की सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. दहशतवादाचे खटले मी चालवलेले नाहीत. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणूक, चेक न वटणं हे माझं रोजचं काम. पण पंचनामा कसा होतो, साक्षीदार का फितूर होतो, खटला पडला तर नेमका कुठे पडला, हे मी रोज जवळून बघतो. त्यावरून माझं मत सांगतो. आपल्याकडे कायद्याला धार कधीच कमी नव्हती. तपास कच्चा राहतो. तुमच्या भावाच्या मनातला अविश्वास आणि तुमच्या वडिलांना वाटणारी भीती, दोन्हींचं मूळ मला तिथेच दिसतं.

धोका खरा आहे, यात मला शंका नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ माओवाद्यांनी पेरलेला भूसुरुंग फुटला आणि १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक गेले. ती सगळी आपल्यासारख्याच घरांतली मुलं होती. आणि आपल्या नाशिक जिल्ह्याला तर हे दुरून बघायचीही सोय नाही. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं मेली. २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या महिन्यात, भिक्खू चौकात मोटारसायकलीवरच्या बॉम्बने सहा जण गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. म्हणून कुणी म्हणालं की अंतर्गत दहशतवाद हा सरकारने उभा केलेला बागुलबुवा आहे, तर मी त्याला आधी मालेगावला जाऊन यायला सांगेन.

आता पुढचं बघा. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, नऊ मुस्लीम तरुणांना पकडलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला, तिथून एनआयए या केंद्राच्या तपास संस्थेकडे, आणि एनआयएने वेगळेच आरोपी उभे केले. आधीच्या नऊपैकी बहुतेकांना जामीन मिळायला पाच वर्षं लागली, आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००८ च्या स्फोटाचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला. सातही आरोपी निर्दोष. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई हायकोर्टाने मुंबईच्या लोकल गाड्यांत २००६ मध्ये झालेल्या स्फोटांतल्या बाराही दोषींची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावलेली होती. आणि त्याच जुलैच्या १० आणि ११ तारखेला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं.

हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही. एकाच महिन्यात सरकार नवा कडक कायदा मंजूर करतं, आणि जुन्या कडक कायद्यांखाली वर्षानुवर्षं चाललेले राज्यातले दोन मोठे खटले कोर्टात कोसळतात. लोकल स्फोटांच्या खटल्याला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी राज्याचा कायदा, लावला होता. मालेगावच्या २००८ च्या खटल्यात आधी मोक्का आणि मग यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याचा केंद्राचा कायदा. जामीन जवळजवळ अशक्य, पोलिसांना जास्तीची मुदत, सगळं होतं. तरी हाती काय लागलं?

मालेगावचा हा खटला का पडला हे नीट वाचण्यासारखं आहे, कारण त्यावर वाद घालणाऱ्या बहुतेकांनी ते वाचलेलं नाही. एक बाजू म्हणते हिंदूंना गोवलं होतं, दुसरी म्हणते आरोपींना वाचवलं. कोर्टाने मात्र ज्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्या आम्हा वकिलांना रोजच्या ओळखीच्या आहेत. पंचनामा करताना घटनास्थळाचा नकाशा काढला नाही. बोटांचे ठसे घेतले नाहीत. नमुने दूषित झालेले. मोटारसायकलीचा चासी नंबर नीट मिळाला नाही, त्यामुळे ती कुणाची हे सिद्ध झालं नाही. यूएपीए लावायला लागणारी मंजुरीच सदोष. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले, त्यातले तीसहून अधिक फितूर झाले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, या मुद्द्यावर आरोपी सुटले. मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये भरपाई द्यायला कोर्टाने सांगितलं.

बॉम्बस्फोटाच्या जागी नकाशा निघत नाही, हे ऐकून तुम्हाला धक्का बसला असेल. मला बसला नाही. मध्यंतरी माझ्याकडे एक सोनसाखळीची केस होती, मी आरोपीचा वकील. मुद्देमाल जप्तीचा पंच म्हणून उभा केलेला माणूस पोलीस ठाण्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर काम करणारा निघाला. एवढ्या तेवढ्याला त्यालाच बोलावतात. उलटतपासात मी विचारलं, सही कुठे केली? तो म्हणाला, ठाण्यातच. कागद आधी लिहिलेला होता का? हो साहेब. वाचून दाखवला का? नाही साहेब. साखळी कुठून काढली ते पाहिलं का? त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं आणि मान हलवली. केस तिथेच संपली. माझं काम झालं. पण जिची साखळी गेली होती त्या मावशी बाहेर व्हरांड्यात मला अडवून म्हणाल्या, "मग माझी साखळी नेली कोणी, ते तर सांगा?" त्यांना राग माझा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मालेगावच्या, मुंबईच्या लोकलमधल्या मृतांच्या घरच्यांना आज नेमकं तेच विचारायचं आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच नाही. चुकीच्या माणसाला पकडणाऱ्या अधिकाऱ्याची सहसा चौकशी होत नाही, पंचनामा बिघडवणाऱ्याची होत नाही, कधीकधी त्यांना मधल्या काळात पदकं आणि बढत्या मिळून गेलेल्या असतात. निकाल लागला की दोन दिवस टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि फाइल मिटते.

आमच्याच शहरातलं एक उदाहरण फार कमी लोकांना माहीत आहे. १९९४ मध्ये ११ मुस्लीम तरुणांवर टाडा, म्हणजे त्या वेळचा दहशतवादविरोधी कायदा, लागला. आरोप असा की बाबरीचा बदला घेण्याची तयारी चालली होती. टाडा कायदा स्वतः १९९५ मध्ये संपला. खटला मात्र चालू राहिला, आणि नाशिकच्या विशेष टाडा कोर्टाने त्या अकराही जणांना निर्दोष सोडलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. म्हणजे कायदा मेला तरी त्याखालचा खटला पुढे २४ वर्षं जगला. टाडाचा तपास करतानाचे कायद्यातलेच नियम पाळले नव्हते, पुरावा नव्हता. तुमचे वडील म्हणतात ना, पाप नसेल तर घाबरायचं कशाला? त्या अकरा जणांची पंचवीस वर्षं त्यांच्यासमोर ठेवा. शेवटी निर्दोष सुटणं वेगळं आणि तोवर लग्न, नोकरी, भाड्याचं घर या प्रत्येक वेळी "ह्याच्यावर टाडा आहे" हे ऐकत जगणं वेगळं.

आता विधेयकाकडे येतो. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा आलं, मग संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या. समितीने काही चांगले बदल केले, ते मान्य करायला हवेत. तपास आता उपअधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी करणार, आधी तो उपनिरीक्षकाकडे होता. संघटनेवरची बंदी योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतील. रोख "कडव्या डाव्या" संघटनांवर आहे असं उद्देशात घातलं. हे सगळं ठीक.

पण बेकायदा कृत्याची व्याख्या वाचा, मला खरी काळजी तिथे वाटते. त्यात स्फोट, शस्त्रं, रेल्वे तोडणं हे आहेच. त्याबरोबर सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे "कल असणं", प्रस्थापित कायदा आणि संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं, हेही आहे. तोंडी, लेखी, चित्रातून, कशातूनही. शिक्षा सात वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सभासद नसताना तिला वर्गणी दिली तरी दोन वर्षं. संघटना बेकायदा ठरवणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध दाद मागायची तर थेट हायकोर्ट.

कायद्याची अवज्ञा करा असं सांगणं हा गुन्हा असेल, तर ज्या देशाने मीठ उचलून स्वातंत्र्य मिळवलं त्या देशात, आणि ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांनी १९३० मध्ये सत्याग्रह उभा केला त्या शहरात, ही व्याख्या इतकी सैल कशी ठेवता येते? हिंसा आणि अवज्ञा यांत फरक आहे. हत्यार उचलणारा आणि रस्त्यावर बसणारा यांना एका कलमात बसवलं की पोलिसांचं लक्षही विखुरतं. रस्त्यावर बसणारा सापडायला सोपा असतो, हत्यारवाला नसतो.

तुमच्या भावाची भीती हवेतली नाही, याला माझ्याकडे एक कारण आहे. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च आमच्या कोर्टाजवळच्या सीबीएस चौकातून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी, डोक्यावर लाल टोप्या. मी गेटपाशी उभा होतो. एका आजोबांनी मी वकील आहे हे ओळखून (काळा कोट होताच) शर्टाच्या खिशातली प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातला चौघडी घातलेला कागद दाखवला. वनहक्क दाव्याची पोच होती. घड्यांवर फाटून चार तुकडे झाले होते, मागून चिकटपट्टी लावलेली. त्यांना विचारायचं होतं की ही पोच मुंबईत चालेल का. सहा दिवसांनी ही माणसं मुंबईत पोचली. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचं अंतर रात्रीतून चालून गेली. वनहक्कासकट बऱ्याच मागण्या सरकारने लेखी मान्य केल्या. आणि त्याच दिवशी सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी या मोर्चाचा संबंध शहरी माओवादाशी जोडला.

त्या आजोबांचा कागद आणि ते विधान, दोन्ही एकाच आठवड्यात मी पाहिलं-ऐकलं. त्यामुळे "कडव्या डाव्या" हे शब्द कायद्यात आले की उद्या ते कुणाला चिकटतील याची खात्री मला कुणी दिली, अगदी मुख्यमंत्र्यांनी सभागृहात दिली, तरी मी कायद्याच्या मसुद्यातच ती मागेन. आजचा मंत्री प्रामाणिक असेलही. कायदा त्याच्यानंतरही राहतो, आणि पुढचं सरकार कोणाचं असेल हे तुमच्या वडिलांनाही माहीत नाही. त्यांना हाच मुद्दा सांगून बघा. त्यांना न आवडणाऱ्या पक्षाच्या हातात हेच विधेयक द्या आणि मग ते कसं वाटतं विचारा.

भावालाही एक सांगा. सरकारवर विश्वास नाही म्हणून पोलिसांशी बोलायचंच नाही, साक्ष द्यायची नाही, पंच व्हायचं नाही, हा मार्ग गुन्हेगाराच्या फायद्याचा आहे. चांगली शिकलेली माणसं पंच म्हणून उभी राहायला तयार नसतात म्हणूनच चहाच्या गाड्यावरचा पोरगा पाच-पाच केसेसमध्ये पंच होतो. पुढचा कुंभमेळा जवळ आलाय, रामकुंडावर लाखोंची गर्दी असेल. बेवारस पिशवी दिसली तर सगळ्यात आधी ती फुलवाल्याला, नाववाल्याला, रिक्षावाल्याला दिसणार. तो पोलिसांना फोन करील की "नको रे बाबा, उगाच आपल्यालाच बसवून ठेवतील" म्हणून पुढे जाईल, यावर सुरक्षितता ठरते. जुन्या नाशकातल्या भद्रकालीतला माणूस आणि सुखवस्तू कॉलेज रोडवरचा माणूस दोघांनाही सारख्याच निर्धास्तपणे ठाण्यात जाता आलं पाहिजे. आज तसं नाही.

गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला, त्यामागेही गडचिरोली पोलिसांच्या १९९० पासूनच्या माओवादविरोधी सी-सिक्स्टी पथकाचं चिवट काम होतं. स्थानिक भाषा बोलणारी, जंगल ओळखणारी स्थानिक पोरं होती, रस्ते होते, शरण येणाऱ्यांसाठीची योजना होती. पोलिसांचं चांगलं काम कसं असतं ते तिथे बघायला मिळतं, आणि त्याचं कौतुक करायला मला काही अडचण नाही.

म्हणून विश्वास ठेवायचा की नाही, असं मी विचारणार नाही. मी आमदाराला तीन गोष्टी विचारीन. दहशतवादाचा खटला पडला की तपासात काय चुकलं याचा अहवाल विधानसभेत का मांडला जात नाही? निर्दोष सुटलेल्या माणसाला सरकारकडून भरपाई का नाही? आणि व्याख्येतून अवज्ञेचा भाग काढून ती हिंसेपुरती का ठेवत नाही? तिसरी गोष्ट झाली तर या विधेयकाला माझा निम्म्याहून अधिक विरोध संपेल.

लोकल स्फोटांचा निकाल लागताच राज्य सरकार लगोलग सुप्रीम कोर्टात गेलं, आणि त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देता येणार नाही असा आदेश कोर्टाने दिला. मालेगावच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात गेले ते भिक्खू चौकात मेलेल्यांचे नातेवाईक. बातम्या वाचताना त्या अपिलाच्या तारखांवर लक्ष ठेवा, आणि घरात पुढचा वाद त्यावर घाला.