ज्या बाजूची तू नाहीस

प्रिय बाळा,

तुझा सराव पेपर काल रात्री वाचला. जीसीएसईच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, धर्म आणि नीतीच्या विषयातला तो दयामरणावरचा १२ गुणांचा प्रश्न. चार ओळी बाजूने, चार विरोधात आणि शेवटी ‘हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे’. ते शेवटचं वाक्य मी पेन्सिलीने खोडलंय, रागावू नकोस. या प्रश्नात तुला किती पाठ आहे ते कुणी बघत नाही, तू तोलून कसं बघतेस ते बघतात. आणि तू तराजू उचललाच नाहीस.

‘हिंदू धर्मात अहिंसा आहे म्हणून दयामरण चूक,’ असं लिहिलंयस. मग प्रायोपवेशनाचं, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याचं काय? विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. अहिंसेवर त्यांच्याएवढी निष्ठा किती जणांची असेल? धर्माचं मत असं एका ओळीत मावत नाही गं.

अरुणा शानबाग हे नाव तू बहुधा ऐकलं नसशील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवू द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा केईएमच्या नर्सेसनी कडाडून विरोध केला. त्याच त्यांना भरवत होत्या, कूस बदलत होत्या, इतक्या वर्षांत अंगाला शय्याव्रण होऊ दिला नव्हता. २०११ साली न्यायालयाने अर्ज फेटाळला, पण त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी केली. अर्ज करणारीला कणव होती, भरवणाऱ्यांनाही कणवच होती. तुझ्या आठ ओळींत मला ती दोन्हीकडची कणव दिसली नाही.

पुढे ए-लेव्हलला, म्हणजे बारावीच्या पातळीला, तुला जर्मन तत्त्वज्ञ कांट भेटेल. खुनी दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का?’ असं विचारतो, तरी खोटं बोलू नये, असं त्याने १७९७ सालच्या निबंधात लिहिलंय. हे ऐकून वर्गात मुलं हसतात. आपल्याकडे कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. या सत्यव्रती ब्राह्मणाने माणसं कुठे लपलीत ते दरोडेखोरांना खरं सांगून टाकलं. ती मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. आपल्याला कृष्णाचं लगेच पटतं. म्हणूनच आधी पानभर कांटच्या बाजूने लिहून बघ. एकदा ‘इथे खोटं चालतं’ म्हटलं की कुठे थांबायचं ते कोण ठरवणार, आणि मग शब्दावर भरवसा कोण ठेवणार? कांट स्वतः वाचून मान हलवील, इतकं जीव ओतून लिही. त्यानंतर खुशाल खोडून काढ.

‘हा विषय घेऊन पुढे काय?’ या बाबांच्या काळजीचं मी बघते, त्यांच्याशी बोलेन.

तू ते उत्तर तेवढं पुन्हा लिही. तुला दयामरण पटत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा सुरुवात त्याच्या बाजूने कर. रविवारी वही घेऊन ये, दुपारी मी घरीच आहे.

तुझी,
काकू